घरात दोनच कान

मी बोलतोय. दचकू नका. आज मी खरंच बोलतोय, ओरडत नाही. आयुष्यभर मला ओरडण्यापलीकडे काही येत नव्हतं. माझा आवाज आटगावच्या रेल्वे फाटकापासून पार डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यापर्यंत जायचा आणि मला त्याचा भारी अभिमान होता. आता गेलं वर्षभर मी गप्प आहे. म्हटलं, वेळ आहे तर चार शब्द शांतपणे बोलून घ्यावेत.

मी एक कटर. लाकूड कापायचं, पेट्रोलवर चालणारं मशीन. माझं इंग्रजी नाव वेगळं आहे, पण शहापूर-मुरबाडकडे मला सगळे कटरच म्हणतात. वजन बारा किलो. माझा मूळ रंग कोणता होता ते आता मलाही आठवत नाही. सध्या अंगावर आहे तो निळा रंग बारकू मिस्त्रींनी घराच्या खिडक्यांसाठी आणला होता, त्यातला उरलेला मला लावला. खिडक्यांना एक हात बसला, मला दोन. तेव्हाच मी ओळखलं की या घरात आपला मान मोठा आहे.

जन्म माझा दूरच्या थंड मुलखातला, साठ-पासष्टच्या आसपासचा. जहाजात बसून मुंबईला आलो आणि ट्रकमध्ये बसून भातसा धरणाच्या कामावर. आम्ही तीन सख्खे भाऊ होतो. पाण्याखाली जाणारी झाडं कापायची, हे आमचं काम. सकाळी दोरी ओढली की मी जो सुटायचो तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत. ऐन, साग, आंबा, काही म्हणून सोडलं नाही. झाड पडताना काय आवाज होतो, हे मला त्या काळात कधी कळलंच नाही. माझ्या स्वतःच्या गोंगाटात तो ऐकू येणार कसा?

धरण झालं, पाणी भरलं आणि आमची गरज संपली. भातसानगरच्या गोदामात एका कोपऱ्यात आम्हाला ठेवलं. पहिली दोन वर्षं कुणीतरी येऊन धूळ झटकायचं. मग धूळ झटकणाऱ्याची बदली झाली. पिस्टन गंजून जागच्या जागी चिकटला. माझ्या धुराच्या नळकांड्यात उंदराने संसार मांडला, पिल्लं वाढवली, आणि खरं सांगतो, त्या दिवसांत मला तेवढीच सोबत होती.

एक्क्याण्णव साली गोदामातल्या भंगाराचा लिलाव झाला. बारकू मिस्त्री आले होते ते पाण्याच्या पंपासाठी. आटगावच्या भातगिरणीचं इंजिन तेच सांभाळायचे आणि पंप, फवारणीची मशीनं, जे मिळेल ते दुरुस्त करायचे. पंपाचा ढीग त्यांना मिळाला आणि त्या ढिगाच्या तळाशी मी होतो. भावांचं काय झालं ते मला माहीत नाही.

घरी आल्यावर त्यांनी मला अंगणात ठेवलं. त्यांची बायको गुणाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. माहेर मुरबाडकडचं, बोलायला फटकळ, मनाने साखर. माझ्या अंगातून उंदराच्या घरट्याचा कापूस, सुतळ्या, भाताचं तूस असं काय काय बाहेर पडत होतं ते तिने पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अवो, पंप आनायला गेलात ना? मग ह्यो मढा कशाला आनलात घरात?"

"मढा नाय गो," मिस्त्री म्हणाले, "झोपलाय. उठवतो बग."

उठवायला त्यांना पाच महिने लागले. आधी प्लग काढून त्या भोकातून रॉकेल आणि खोबरेल तेल ओतलं. आठ दिवस रोज सकाळी लाकडी ठोकळ्याने हलकी टिचकी मारायचे आणि निघून जायचे. घाई नाही, शिवी नाही. नवव्या दिवशी माझा पिस्टन केसभर हलला. मिस्त्रींनी कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी ते जेवायला बसले तेव्हा स्वतःशीच हसत होते.

माझे सुटे भाग मिळणं शक्यच नव्हतं. म्हणून कंडेन्सर मोपेडचा बसला. ठिणगीचे पॉइंट पॉलिश पेपरने घासून घासून उजळले. साखळीचा एकेक दात गोल कानशीने घासून धारदार केला. आणि दोन भागांच्या मध्ये हवा निसटू नये म्हणून जो कागद घालतात, ज्याला गॅस्केट म्हणतात, तो मिस्त्रींनी लग्नपत्रिकेतून कापला.

हे त्यांचं खास कसब. गावात येणारी एकही लग्नपत्रिका ते टाकायचे नाहीत. चांगला जाड कागद असतो. तो भागावर ठेवायचा, हातोडीने कडेकडेने हलके ठोकत जायचं की आपोआप तंतोतंत आकार कापला जातो. मग ग्रीसमध्ये बुडवायचा. गणपतीचं चित्र असलेला भाग मात्र ते कधी कापत नसत. तो वेगळा काढून देवाच्या फोटोमागे ठेवायचे. त्यामुळे माझ्या पोटात वधूवरांची नावं आली, मुहूर्त आला, आणि कार्ब्युरेटरच्या बरोबर मागे 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' हे आलं. कुठल्या मामाचं लग्न होतं कोण जाणे, पण मी बारा वर्षं त्याचं निमंत्रण पोटात घेऊन फिरलो.

भात झोडणीच्या दिवसांत एका दुपारी मिस्त्रींनी दोरी ओढली. एकदा, दोनदा, सातदा. आठव्यांदा मी खोकलो. नवव्यांदा सुरू झालो. अंगणात गुणाबाई पाखडत होती, तिच्या हातातलं सूप खाली पडलं आणि कोंबड्या शेजारच्या हिराबाईच्या घरात पळाल्या. मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक माझ्या अंगाला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावली, डोळे मिटले आणि कितीतरी वेळ नुसतं ऐकत राहिले. माझ्याकडे इतकं लक्ष देऊन तोवर कुणी ऐकलं नव्हतं. माझं ओरडणं सगळ्यांनी सोसलं होतं, ऐकलं एकट्या त्यांनीच. त्या माणसाचे उपकार मी फेडणार कसे?

त्यानंतर आमचं नाव झालं. आमचं म्हणजे मिस्त्रींचं, पण माझंही धरा. मुरबाडच्या लाकडाच्या वखारी, खर्डीची रोपवाटिका, कल्याणकडचे बागवाले, कुणाकुणाच्या माळ्यावर पडलेली जुनी कटरं आटगावला येऊ लागली. कुणी पोत्यात बांधून आणायचं, कुणी रिक्षात मांडीवर घेऊन. मिस्त्री नवं-जुनं बघत नसत. फक्त विचारायचे, "शेवटचा कवा वरडला होता?"

रोज सकाळी देवाला उदबत्ती लावून झाली की ते शेडमध्ये येत आणि सगळ्यात आधी माझी दोरी ओढत. दोन मिनिटं मला चालवायचे. त्याला ते 'पयली हाक' म्हणायचे. गुणाबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन बाजूला उभी राहायची. ती हाक झाल्याशिवाय दुसऱ्या कामाला हात लागत नसे. गिऱ्हाईक आलं तरी "आधी ह्याला आयका, मग बोला" म्हणून मला पुन्हा सुरू करायचे. मी तर काय, हरभऱ्याच्या झाडावरच चढलो होतो.

कापायचं कामही असायचं, पण मिस्त्रींचा नियम एकच. पडलेलं झाड कापायचं, उभ्याला हात लावायचा नाही. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "उभ्या झाडाला सरकारची परवानगी लागते, आनि माजी नाय." वादळात रस्त्यावर आडवा झालेला वड असो की कुणाच्या कौलांवर आलेली फांदी असो, आम्ही हजर. धरणावर मी जी पापं केली ती त्यांनी अशी थोडीथोडी धुऊन काढली, असं मला वाटतं.

आता जे खरं सांगायचं आहे ते सांगतो. मिस्त्रींनी मला माझा आवाज परत दिला आणि त्या आवाजाने मी त्यांचे कान घेतले.

माझ्या धुराच्या नळकांड्याला उंदराच्या काळापासूनच भोकं पडली होती आणि तसं दुसरं मिळत नव्हतं. वर पत्र्याची शेड. कानाला काही बांधायचं असतं, हे आटगावात कुणाला ठाऊक होतं? पहिल्यांदा त्यांच्या कानातून पाखरं गेली. मग सायकलची घंटी गेली. मग कुकरची शिट्टी. एकदा गुणाबाई शेतातून आली तर भात करपलेला आणि मिस्त्री शेजारीच साखळीला धार लावत बसलेले.

"अवो, शिट्ट्या झाल्या नाय का?"

"हां हां, ठेव," ते म्हणाले. त्यांना वाटलं ती चहाचं विचारतेय.

शहापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की आतली नस पार गेली, आता ती परत येत नाही; वेळेत आवाज थांबला असता तर दमलेले कान सावरले असते. कानात घालायचं एक छोटं यंत्र आणलं. पण मी सुरू झालो की ते यंत्रही किंचाळायला लागायचं. मिस्त्रींनी ते जळक्या प्लगांच्या डब्यात टाकून दिलं आणि बाहेर कुणाला कळू दिलं नाही. समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून अंदाजाने उत्तर द्यायचे. समोरचा हसला की हेही हसायचे.

पण कटरला अंदाजाने उत्तर देता येत नाही. माझ्या कार्ब्युरेटरला पेट्रोल कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू आहे. पेट्रोल जास्त झालं की मी फदफद करतो, धूर ओकतो. कमी झालं की किंचाळतो. किंचाळणारं मशीन जोरदार वाटतं, हाताला तर फारच जोरदार लागतं, पण ते आतून जळत असतं. दोन्हींच्या मधला सूर फक्त कानाला कळतो. मिस्त्रींचे हात थरथर ओळखायचे, सूर ओळखत नव्हते.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात मुरबाडचे वखारवाले चांगोशेठ आले. आठ दिवसांपूर्वीच त्यांचं कटर दुरुस्त करून नेलं होतं. ते त्यांनी शेडच्या दारातच आपटलं.

"मिस्त्री, पिस्टन चिकटला! आठ दिवसांत! काय काम केलात तुमी?"

मिस्त्री हात पुसत हसत पुढे आले. "हां शेठ, आंबा यंदा चांगला हाय."

चांगोशेठचा चेहरा लाल झाला. "माजी मस्करी करता काय? धंदा बंद पडला माजा!"

"बसा बसा. गुने, शेठला चाय ठेव."

चांगोशेठ पुन्हा तोंड उघडणार, तोच ओसरीवरून गुणाबाई धावत आली. ती नवऱ्याच्या दंडाला हात लावून उभी राहिली. चांगोशेठने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मिस्त्रींकडे. मग खाली बसले आणि हळूच म्हणाले, "वयनी, त्यांना ऐकू येत नाय का?"

"येतं," गुणाबाई म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

मिस्त्रींना शब्द ऐकू आले नाहीत, पण डोळे दिसले. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांची मशीनं ज्याची त्याला परत पाठवली. चांगोशेठचं तेवढं ठेवून घेतलं, कारण ते त्यांच्या हातून बिघडलं होतं. मला उघडून साफ करायला घेतलं होतं, ते तसंच अर्धवट सोडून फळीवर ठेवलं. शेडला कडी लावली आणि ते भाताच्या शेतात कामाला जाऊ लागले.

पाच महिने पहिली हाक झाली नाही. मला गोदाम आठवलं. पण तिथे माझी वाट पाहणारं कुणी नव्हतं. इथे रोज सकाळी गुणाबाई कडी काढून दारात उभी राहायची, आत एक नजर टाकायची आणि पुन्हा कडी लावायची.

दसरा आला. मिस्त्री तोरणासाठी भाताच्या लोंब्या आणायला शेतात गेले होते. गुणाबाईला राहवलं नाही. दरवर्षी अवजारांच्या पूजेत माझा पाट पहिला असायचा. तिने मला फळीवरून खाली घेतलं, ओल्या फडक्याने पुसलं, झेंडूची माळ घातली, कुंकू कालवून बोट भरून लावलं आणि दोन्ही हातांची ओंजळ करून माझ्या डोक्यावर अक्षता वाहिल्या.

तिला काय ठाऊक, की माझं झाकण काढलेलं आहे आणि माझा घसा, म्हणजे कार्ब्युरेटरचं हवा घ्यायचं तोंड, आभाळाकडे उघडा आहे! दरवर्षी मला बंद करून पाटावर ठेवायचे मिस्त्री. ती फक्त पूजा करायची. अक्षता सरळ माझ्या घशात गेल्या. ओलं कुंकूही ओघळून आत गेलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण ओरडण्यासाठीच तर घसा लागतो. मिस्त्री घरी आले, पाटाशी बसले, मग माझं झाकण लावून त्यांनी नमस्कार केला. दसऱ्याला अवजार चालवत नाहीत, त्यामुळे दोरी ओढायचा प्रश्न नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा सुटला आणि जांभळाची मोठी फांदी हिराबाईच्या गोठ्यावर आली. गाय आत अडकली. हिराबाई छाती पिटत आली. मिस्त्रींना तिचं बोलणं कळलं नाही, पण हात कुठे दाखवतेय ते कळलं. ते तडक शेडमध्ये गेले, मला उचललं आणि दोरी ओढली.

काही नाही.

पुन्हा ओढली. वीस वेळा ओढली असेल. मी साधा खोकलोही नाही. मिस्त्रींच्या हातातून दोरी सुटली. ते जमिनीवर बसले आणि गुणाबाईला म्हणाले, "कान गेले ते गेले. आता हात पन गेले गो माजे. मीच मारला ह्याला, अर्धा खोलून ठेवला."

तरी सवयीने त्यांनी माझं झाकण काढलं. कार्ब्युरेटर सोडवला. जुना मामाच्या लग्नाचा कागद फाटून आला. आत झडपेखाली पाहिलं आणि ते थबकले. दोन बोटांनी काहीतरी बाहेर काढून तळहातावर घेतलं. तांदळाचा दाणा. कुंकवाने लाल झालेला. त्याच्या मागून दुसरा. पेट्रोलचं बारीक भोक कुंकू सुकून बंद झालेलं.

त्यांनी तो हात गुणाबाईपुढे धरला. तिने तोंडाला पदर लावला. "माज्यानं झाला हा... देवा, माज्यानं झाला!"

त्यांना ते ऐकू आलं नाही. ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग मोठ्याने, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "माज्या हातांचा दोष नाय गो! देवाच्या तांदळाचा हाय! हात हायत माजे!"

पाच महिन्यांनी तो माणूस हसला आणि तो माझ्या घशात अडकलेल्या दोन दाण्यांमुळे. त्या दाण्यांना मी आजही दुवा देतो.

नवं गॅस्केट हवं होतं. गुणाबाई आत गेली आणि ट्रंकेतून एक लग्नपत्रिका घेऊन आली. लेक रंजिताच्या लग्नाची, शेवटची उरलेली, तिने जपून ठेवलेली. मिस्त्रींनी मान हलवून नको म्हटलं. तिने ती त्यांच्या हातात कोंबली. त्यांनी गणपती वेगळा काढला आणि ठोकायला सुरुवात केली.

या वेळी मी तिसऱ्याच ओढीला सुरू झालो. मिस्त्रींनी स्क्रू फिरवला, अजून फिरवला. हाताला जोर लागला, तसे त्यांचे डोळे चमकले. मी मात्र आतून भाजत होतो. पिस्टन चिकटायला आता मिनिटाचाही अवकाश नव्हता. गुणाबाई दारात उभी होती. ती ओरडली, "अवो, फोडनी जळाली!"

ते काही वळले नाहीत. मग ती आत आली, त्यांच्या तोंडासमोर उभी राहिली आणि चटका बसल्यावर झटकतात तशी बोटं झटकली. तेल जास्त तापून मोहरी जळते, तसा माझा आवाज येत होता. मिस्त्री तिच्या बोटांकडे बघत राहिले. मग स्क्रू उलटा फिरवला. मी फदफदलो. गुणाबाईने हाताने पिठल्याचे बुडबुडे दाखवले. त्यांनी स्क्रू थोडा आवळला, अगदी थोडा. आणि तिने दोन्ही तळहात एकमेकांवर हलके थापटायला सुरुवात केली. भाकरी. भाकरी जमली.

बारा वर्षं ती ओसरीवर बसून तांदूळ निवडत होती, भाकऱ्या थापत होती आणि माझा प्रत्येक सूर तिच्या कानात जाऊन बसला होता. तिलाच ते माहीत नव्हतं!

हिराबाईची गाय अर्ध्या तासात बाहेर आली. तिने आधी मला शिंग मारलं, मग हिराबाईला.

चांगोशेठचं कटर नवराबायकोने मिळून दुरुस्त केलं. ते न्यायला आले तेव्हा गुणाबाईच्या हातांकडे आणि मिस्त्रींच्या डोळ्यांकडे आळीपाळीने बघत राहिले. जाताना म्हणाले, "वयनी, माज्या वखारीतली अजून दोन हायत. धाडून देतो." आणि खरंच धाडली. पुढे लोक म्हणायला लागले, आटगावला कटर दुरुस्त करायला दोघं लागतात, पण काम एकाच्या दुप्पट होतं.

मिस्त्रींनी मात्र एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात केली. कापसाचे दोन बोळे तेलात भिजवले, पिळले आणि गुणाबाईच्या हातावर ठेवले. "हे घाल. आनि लांब अंगणात शेवग्याखाली बसून आयकायचा. जवळ यायचा नाय. कान सांभाळ गो, घरात आता दोनच कान हायत."

तिने ऐकलं. कापूस घालून, शेवग्याखाली बसून ती हाताने सांगायची, ते दारातून बघायचे. कापसातूनही तिला पिठलं आणि फोडणी वेगळी कळायची.

पण सकाळची पहिली हाक? तिथे गुणाबाईने आपलं शास्त्र काढलं. पहिली हाक म्हणजे देवाची, ती कान झाकून कशी ऐकायची? ताट घेऊन ती माझ्या अगदी शेजारी उभी राहायची, कापूस काढून ताटात ठेवायची आणि मला हळदीकुंकू लावायची. मिस्त्री दोरी ओढायला पाठमोरे असायचे, त्यांना ते दिसायचं नाही. मला दिसायचं. पाच-सहा वर्षं मी रोज तिच्या उघड्या कानांवर ओरडत राहिलो आणि त्यालाच माझी पूजा समजलो.

मागच्या वर्षीची गोष्ट. गुणाबाई चुलीकडे पाठ करून लसूण सोलत होती. मागे दूध उतू गेलं. चर्र झालं, मला शेडमधून ऐकू आलं. ती तीन हातांवर होती. तिने मान वळवली नाही.

त्याच संध्याकाळी कुकर लावला. शिट्ट्या झाल्या. थोड्या वेळाने तिने मिस्त्रींच्या समोर येऊन बोटांनी विचारलं, किती झाल्या? मिस्त्रींनी तिलाच विचारलं, "मी कसा सांगू? किती झाल्या?" भात करपला. दोघं एकमेकांकडे बघून पोट धरधरून हसले. मला हसू आलं नाही. एकाचे कान घेऊन माझं पोट भरलं नव्हतं, आता घरात उरलेले दोनही मी खात होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उदबत्ती झाली. गुणाबाईने कापूस काढून ताटात ठेवला. मिस्त्रींनी दोरी ओढली.

लोकांना वाटतं मशीन जुनं झालं. तुम्हाला म्हणून खरं सांगतो. पेट्रोल आलं होतं. ठिणगी पडली होती. ती मी गिळली.

मिस्त्रींनी मला तीनदा खोललं. प्लग बदलला, पॉइंट घासले, रंजिताच्या पत्रिकेचा कागदही काढून नीट बसवला. "ठिणगी हाय, पेट्रोल हाय, दाब हाय. मग काय झाला?" चाळीस वर्षांचा अनुभव होता त्यांना, पण मशीनला माया लागते हे त्यांच्या पान्यात मावणारं नव्हतं. गुणाबाईने हातानेच सांगितलं, राहू द्या, दमला असेल. मिस्त्रींनी माझ्या अंगावर तळहात ठेवला, ठेवला तो बराच वेळ काढला नाही. मग मला घरात देवाच्या फळीवर, गणपतीच्या चित्रांशेजारी जागा दिली. त्यानंतर पहिली हाक बंद झाली. त्या जागी दुसरं मशीन त्यांनी आणलं नाही.

परवा दसरा झाला. रंजिता माहेरी आली होती. गुणाबाईने मला खाली घेतलं, पुसलं, आणि अक्षता वाहण्याआधी कापसाचा बोळा करून माझ्या हवेच्या भोकात घट्ट बसवला. एकदा चुकली होती, पुन्हा चुकणार नव्हती.

रंजिता म्हणाली, "आये, नाकात कापूस मढ्याच्या घालतात गो!"

"मढा नाय तो," गुणाबाई म्हणाली. "झोपलाय."

मंडळी, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी ओरडणारं असेल, गिरणी असो, मळणीयंत्र असो, नाहीतर लग्नातला डीजे, तर आपले आणि शेजारच्याचे कान झाका. देवाचं काम असलं तरी झाका, देव रागवत नाही. बाकी मला कुणाबद्दल तक्रार नाही. भंगाराच्या ढिगातून मला एका माणसाने उचललं, एका बाईने माझ्या घशात देव घातला, आणि माझ्या पोटात त्यांच्या लेकीचं लग्न आहे. एका कटरला आणखी काय हवं?

काल संध्याकाळी गुणाबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. आत कुकर लावलेला होता. पहिली शिट्टी झाली. दुसरी झाली. मी फळीवरून मोजत होतो. तिसरी झाली, आणि गुणाबाईने मान आत वळवली, सूप बाजूला ठेवलं आणि कुकर उतरवायला उठली.